मंडळाच्या यादीत कोण?



जून महिन्यात शाळा सुरू होते. हजेरीपटावर नवी नावे चढतात. महिना-दीड महिन्यात शाळेच्या फलकावर एक सूचना लागते : ‘ज्यांना मंडळात भाग घ्यायचा असेल त्यांनी वर्गप्रतिनिधीकडे नावे द्यावीत.’ तुमच्या शाळेत साहित्याच्या मंडळाला ‘बज्मे अदब’ म्हणतात. शेजारच्या मराठी शाळेत त्यालाच ‘वाङ्मय मंडळ’ म्हणतात. त्याशिवाय विज्ञान मंडळ असते, क्रिकेटचा किंवा कबड्डीचा संघ असतो, स्काउटचे पथक असते, भित्तिपत्रकाचे संपादक मंडळ असते आणि स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम असते.

आता असे समजा, की नावे गोळा करण्याचे काम तुमच्याकडेच आले आहे. तुम्ही कोणाची नावे लिहाल? खरे सांगा. पहिले नाव तुमच्या बाकावरच्या मित्राचे, दुसरे तुमच्या गल्लीतल्या मित्राचे, तिसरे त्याच्या भावाचे. यात वाईट काही नाही. ओळखीच्या माणसाबरोबर काम करणे सोपे असते. पण मागच्या बाकावर एक मुलगा बसतो. तो गेल्याच वर्षी बिहारमधून आला आहे. त्याचे वडील यंत्रमागावर काम करतात. त्याचे नाव तुम्हांला आठवतच नाही. मंडळाच्या यादीत त्याचे नाव आले, तर मंडळाचा काय फायदा होईल, एवढ्याच गोष्टीचा विचार या पाठात आपण करणार आहोत.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करू. लोकांना वाटते, की उर्दू शाळेतली सगळी मुले एकसारखीच असतात. एक भाषा, एक पेहराव, एकच सण. तुम्हांला ठाऊक आहे, की हे खरे नाही. रत्नागिरी-रायगडकडचा मुलगा घरी कोकणी बोलतो. त्याच्या आजीची भाषा मराठीच्या इतकी जवळची असते, की वर्गातल्या इतरांना ती अर्धी-मुर्धीच कळते. सोलापूर किंवा मराठवाड्यातला मुलगा घरी दखनी बोलतो. मालेगाव आणि भिवंडी येथे एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून आलेल्या विणकरांची अनेक घराणी आहेत. त्यांच्या बोलीत अजूनही तिकडचे शब्द सापडतात. मुंबईतल्या मेमन घरात कच्छी किंवा मेमनी बोलतात. ही सगळी मुले शाळेत आल्यावर पुस्तकी उर्दू बोलतात, आणि घरची भाषा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवून येतात.

का ठेवून येतात? कारण कोणीतरी हसते. बज्मे अदबच्या कार्यक्रमात एखादा मुलगा घाईत ‘नक्को’ म्हणाला, की मागून हसण्याचा आवाज येतो. आता या ‘नक्को’ शब्दाकडे नीट पाहा. मराठीतला ‘नको’ आणि दखनीतला ‘नक्को’ हे सख्खे भाऊ आहेत. मराठीत आपण जोर देण्यासाठी ‘मीच’, ‘तोच’ असा शेवटी ‘च’ लावतो. दखनी बोलणारा माणूसही ‘मैंच’, ‘वोच’ असे म्हणतो. दख्खनच्या पठारावर दोन भाषा कित्येक शतके एकमेकींच्या शेजारी राहिल्या, त्याची ही खूण आहे. ज्या मुलाला तुम्ही हसलात, त्याला मराठीच्या तासाला ‘च’ कसा लावायचा हे शिकवावे लागत नाही. ते त्याला त्याच्या आजीने आधीच शिकवलेले असते.

भित्तिपत्रकाच्या मंडळाला यापेक्षा चांगला विषय कोठे मिळेल? एका कागदावर शब्द लिहा आणि प्रत्येकाला विचारा, ‘तुझ्या घरी याला काय म्हणतात?’ पाचच शब्द विचारलेत, तरी कागद भरून जाईल. मग मराठी शाळेतल्या मुलांनाही विचारा. खुर्ची, कागद, शाई, हजेरी हे शब्द ते रोज वापरतात. पण ते फारसी-अरबीकडून मराठीत आले आहेत हे त्यांच्यापैकी अनेकांना माहीत नसते. काही शब्दांची तर गंमतच आहे. उर्दूतले ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मराठीतले ‘दप्तर’ मात्र रोज मुलांच्या पाठीवर बसून शाळेत येते! सगळे संपादक एकाच गल्लीतले असते, तर हा कागद अर्धाही भरला नसता.

आता एका खेळाकडे वळू. तुम्हांला बैतबाजी माहीत आहे. एका संघाने शेर म्हणायचा, त्याचे शेवटचे अक्षर घ्यायचे आणि दुसऱ्या संघाने त्याच अक्षराने सुरू होणारा शेर म्हणायचा. मराठी मुले हाच खेळ कवितांचा किंवा गाण्यांचा खेळतात. त्याला ते ‘भेंड्या’ म्हणतात. नाव वेगळे, नियम तोच. इतकेच नव्हे, तर अडचणही तीच! मराठीत एकही शब्द ‘ळ’ या अक्षराने सुरू होत नाही. ‘ण’चेही तसेच आहे. मग ओळीच्या शेवटी ‘ळ’ आला तर काय करायचे? बहुतेक ठिकाणी मुले तडजोड करतात : ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा, ‘ण’ आला तर ‘न’ घ्यायचा. उर्दूत ‘ड़े’ या अक्षराने एकही शब्द सुरू होत नाही. तेव्हा तुम्हांलाही तडजोड करावीच लागते.

समजा, तुमच्या बज्मे अदबने आणि शेजारच्या वाङ्मय मंडळाने मिळून हा खेळ खेळायचे ठरवले. पहिल्या पाच मिनिटांतच भांडण होईल. तुमच्या संघातली मुलगी एक शेर म्हणेल. त्याचा शेवटचा शब्द असेल ‘है’. मराठी संघ लगेच म्हणेल, ‘आम्हांला ह आला.’ तुम्ही म्हणाल, ‘छे! आमच्या नियमाप्रमाणे ये आला.’ कोण बरोबर?

दोघेही बरोबर आहेत. उर्दूत ‘है’ लिहिताना आधी ‘हे’ लिहितात आणि मग ‘ये’ लिहितात. म्हणून शेवटचे अक्षर ‘ये’. देवनागरीत मात्र ‘ह’ हे अक्षर लिहून त्याच्या डोक्यावर दोन मात्रा देतात. मात्रा हे वेगळे अक्षर नव्हे. म्हणून शेवटचे अक्षर ‘ह’च. एका लिपीत असा स्वर अक्षर होऊन शेवटी उभा राहतो, दुसऱ्या लिपीत तो व्यंजनाच्या डोक्यावर जाऊन बसतो. बैतबाजीत ‘ये’ इतक्या वेळा का येतो आणि चांगला खेळाडू ‘ये’ने सुरू होणाऱ्या शेरांचा साठा का करून ठेवतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. उर्दू वाक्ये पुष्कळदा ‘है’, ‘हैं’, ‘थे’, ‘थी’ अशा शब्दांनी संपतात. यांपैकी ‘हैं’ सोडला तर बाकी सगळ्यांच्या शेवटी एक ना एक ‘ये’ असतोच.

हे तुम्ही आजवर हजार वेळा लिहिले असेल, पण त्याच्याकडे कधी लक्ष गेले नसेल. मराठी मुलांनीही मात्रा हजार वेळा दिली असेल. घरच्या माणसांतच खेळत राहिले, तर आपला नियम हा जगाचा नियम वाटतो. दुसरा माणूस ‘असे का?’ म्हणून विचारतो, तेव्हा आपण आपल्याच लिपीकडे पहिल्यांदा नीट पाहतो. भांडण मिटवण्यासाठी दोन्ही मंडळांना मिळून एक नवा नियम करावा लागेल. तो काय करायचा, हे मी सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवा.

खेळाचा विषय निघालाच आहे, तर मैदानावरही जाऊ या. आज शाळेच्या संघात कोणीही खेळतो. पण एके काळी मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावरून पडत असत. पारशी आणि युरोपियन हे संघ आधीपासून होते. १९०७ साली हिंदूंचा संघ आला. १९१२ साली मुस्लिमांचा संघ आला आणि चौरंगी सामने सुरू झाले. ख्रिस्ती आणि इतर खेळाडूंनी कोठे जायचे? त्यांच्यासाठी १९३७ साली ‘इतर’ अशा नावाचा पाचवा संघ आला. विजय हजारे यांच्यासारखा थोर फलंदाज ख्रिस्ती असल्यामुळे या ‘इतरां’त खेळत असे. सामन्यांना प्रचंड गर्दी होई, खेळही उत्तम होई. पण माणसाचा धर्म पाहून त्याचा संघ ठरवणे अनेकांना पटत नव्हते. १९४० साली महात्मा गांधींनीही या पद्धतीबद्दल नापसंती व्यक्त केली. १९४६ नंतर हे सामने बंद झाले.

या सामन्यांत विजय मर्चंट हिंदूंकडून खेळत आणि मुश्ताक अली मुस्लिमांकडून. एकमेकांविरुद्ध! पण १९३६ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा मँचेस्टरच्या कसोटीत हे दोघे एकत्र सलामीला आले. पहिल्या डावात आपला सगळा संघ मिळून २०३ धावांत बाद झाला होता. इंग्लंडने त्यावर ५७१ धावांचा डोंगर उभा केला. दुसऱ्या डावात मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी पहिल्याच जोडीसाठी २०३ धावा केल्या. पहिल्या डावात अकरा जणांनी जेवढ्या धावा केल्या, तेवढ्या या दोघांनीच केल्या. मुश्ताक अलींनी ११२ धावा केल्या. परदेशातील कसोटीत शतक करणारे ते पहिले भारतीय ठरले. मर्चंट यांनी ११४ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. मुश्ताक अली पुढे सरसावून बेधडक फटके मारीत. मर्चंट प्रत्येक चेंडू पारखून खेळत. एक बाजू धीराने सांभाळलेली असली, म्हणजे दुसऱ्याला धाडस करता येते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा : हा फरक त्यांच्या धर्मांचा नव्हता, स्वभावाचा आणि तालमीचा होता. पण संघ धर्मावरून पडत राहिले असते, तर ही जोडी कधीच जमली नसती.

याच मैदानावरची दुसरी गोष्ट इतकी गोड नाही. बाळू पालवणकर हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे फार मोठे फिरकी गोलंदाज. ते चांभार समाजात जन्मले. त्या काळी त्या समाजाला अस्पृश्य मानत. पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून त्यांनी बाळूंना संघात घेतले. मैदानात सगळे त्यांच्या हातातून चेंडू घेत. पण चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ साली ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही चौरंगी सामन्यांत त्यांना कर्णधारपद मिळाले नाही. पुढे १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

ही गोष्ट जुनी आहे, पण ती मी मुद्दाम सांगितली. यादीत नाव लिहिले म्हणजे काम झाले, असे आपल्याला वाटते. बाळूंचे नाव तर यादीत होते! मंडळात एखाद्याला फक्त सतरंज्या उचलायला ठेवले, डफ वाजवायला बोलावले आणि नाटक कोणते करायचे हे ठरवताना विचारलेच नाही, तर तो मंडळात आहे असे कसे म्हणावे? तुमच्या मंडळात चिटणीस कोण आहे, पैशांचा हिशोब कोणाकडे आहे आणि खुर्च्या कोण मांडतो, हे एकदा पाहा. दर वर्षी खुर्च्या मांडणारे तेच ते असतील, तर काहीतरी चुकते आहे.

याच्या उलट चूकही होते, आणि ती प्रेमाने होते. आंतरशालेय कार्यक्रमात उर्दू शाळेचा मुलगा दिसला, की लोक म्हणतात, ‘तू कव्वाली म्हण.’ दर वेळी कव्वालीच! कव्वाली चांगलीच आहे. पण त्या मुलाला कदाचित पोवाडा म्हणायचा असेल. कदाचित त्याला गाताच येत नसेल आणि दिव्यांची व्यवस्था बघायची असेल. शाहीर अमर शेख यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १९१६ साली बार्शीला झाला. त्यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. त्यांनी पहाडी आवाजात मराठी पोवाडे आणि गीते गाऊन सारा महाराष्ट्र जागवला. १९४४ साली त्यांनी अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर मुंबईत ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मांग समाजातले. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते, पण लेखणी अशी, की लोकनाट्य, पोवाडे, कादंबऱ्या सगळे त्यांनी लिहिले. एकाकडे शब्द, दुसऱ्याकडे आवाज. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत यांची गाणी ऐकायला हजारो माणसे जमत. अमर शेखांना कोणी सांगितले असते, की ‘मराठी पोवाडा तुझा नव्हे’, तर मराठीचेच नुकसान झाले असते. तसे त्याआधी दीडशे वर्षे सगनभाऊंनाही कोणी म्हटले नव्हते. पेशवाईच्या अखेरच्या काळातले हे नामवंत लावणीकार शाहीर मुसलमान होते, आणि त्यांचा पिढीजात धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा होता.

स्काउटच्या पथकात तुमच्यापैकी काही जण असतीलच. या चळवळीची कहाणीही यादीचीच कहाणी आहे. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे पहिले शिबिर भरवले. त्यांनी मुद्दाम श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि कामगारांची मुले एकत्र आणली व त्यांचे चार गट केले. शिबिर यशस्वी झाले. दोनच वर्षांनी, १९०९ साली, बंगळूर येथे स्काउट पथक सुरू झाले. पण ते फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी! जी चळवळ मुलांना एकत्र आणण्यासाठी निघाली, तिच्या दारातून भारतीय मुलांना भारतातच आत येता येत नव्हते. मग भारतीयांनी स्वतःच्या संघटना काढल्या. त्यांत ॲनी बेझंट होत्या, पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू होते. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, या वेगवेगळ्या संघटना एक होऊन ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ ही संघटना झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही तिच्यात आली. आज स्काउट-गाइडच्या शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते, आणि नंतर सगळे मिळून भांडी घासतात. माझ्या मते मैत्री भांडी घासतानाच अधिक होते.

आता एक साधी, रोजची अडचण. वेगवेगळ्या घरांतली मुले एकत्र आली, की वेळापत्रक अवघड होते. नाटकाची तालीम संध्याकाळी ठेवली आणि रमजान चालू असला, तर रोजा असलेल्या मुलांना इफ्तारला घरी जायचे असते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येतो, आणि गेल्या वर्षीचे वेळापत्रक यंदा उपयोगी पडत नाही. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन असतो. त्या दिवशी अनेक मुले घरच्यांबरोबर चैत्यभूमीवर जातात. कोणाच्या घरी दिवाळीत गावाला जातात. एखाद्या मुलीला पाचच्या आत घरी पोचावे लागते. एखाद्याला पोशाखाचे पैसे देणे जमत नाही. हे सगळे ऐकून मंडळाचा प्रमुख कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, ‘त्यापेक्षा आपलीच दहा मुले बरी!’

त्याचे म्हणणे सोपे आहे. पण तालीम सकाळी अर्धा तास ठेवली, तर रोजेदारही येतील आणि पाचच्या आत घरी जाणारी मुलगीही येईल. सगळ्यांचे पोशाख घरच्याच कपड्यांतून केले, तर पैशांचा प्रश्न उरणार नाही. वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर एक दिनदर्शिका लावा आणि प्रत्येकाला आपापले दिवस त्यावर लिहायला सांगा. हे काम अर्ध्या तासाचे आहे, पण त्यातून वर्षभराची भांडणे वाचतात.

भाषेची भीती मात्र अर्ध्या तासात जात नाही. तालुक्याच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायला तुम्ही घाबरता, हे मला माहीत आहे. उर्दूत दोनच लिंगे, मराठीत तीन. उर्दूतली ‘किताब’ स्त्रीलिंगी, म्हणून तुमच्या तोंडून ‘माझी पुस्तक’ असे निघून जाते आणि सभागृहात कोणीतरी हसते. ‘नक्को’ला तुम्ही हसलात ना, अगदी तसेच. पण ऐकणाऱ्यांत एखादी तरी मुलगी अशी असते, की जिला उर्दू शेर आवडतात आणि ‘ख’चा खरा उच्चार कसा करायचा हे कोणाला विचारावे, ते कळत नाही. स्पर्धा संपल्यावर तिला तुम्ही तो उच्चार शिकवा आणि ‘माझे पुस्तक’ तिच्याकडून पक्के करून घ्या.

फलकावरची सूचना शनिवारपर्यंत आहे. मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे नाव आज विचारून ठेवा. नावे द्यायला अजून चार दिवस आहेत.